पेवातलं बियाणं

काटा हलत नव्हता, आणि हर्षाली भामरेला एका जागी बसवत नव्हतं.

समोरच्या पडद्यावर दाबाचे आकडे दशांशापर्यंत दिसत होते. तरी ती दर थोड्या वेळाने उठून भिंतीवरच्या जुन्या पद्धतीच्या तबकडीपाशी जायची, काचेवर टिचकी मारायची आणि परत यायची. आकडे खोटं बोलत नाहीत हे तिला ठाऊक होतं. पण आकड्यांवर टिचकी मारता येत नाही, ही मोठीच गैरसोय होती.

बाहेर श्रावणाची झड लागली होती. डोंगराच्या उतारावर सौर पाट्यांच्या रांगाच्या रांगा ओल्या होऊन निमूट पडल्या होत्या. ऊन म्हणून काही असतं याची आठवण फक्त कॅलेंडरला उरली होती. टेबलावरचा फोन थरथरला. भूषण, तिचा धाकटा भाऊ. तिने तो वाजू दिला. तो काय मागणार हे तिला ठाऊक होतं, आणि नाही कसं म्हणायचं हे अजून ठरत नव्हतं.

साक्री तालुक्यातल्या या टेकडीच्या पोटात काळाकभिन्न पाषाण आहे, पहार मारली तर पहारच वाकावी असा. त्यात खोलवर एक प्रचंड पोकळी कोरून तिला आतून पोलादी पत्र्याचं अस्तर लावलं होतं. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं. लोक तिला पेव म्हणत. पूर्वी जमिनीत खड्डा करून धान्य साठवत ते पेव. फरक इतकाच, की या पेवात हायड्रोजन होता.

त्यामागचं गणित सरळ होतं. चैत्र-वैशाखात भर दुपारी विजेला कुत्रं विचारत नाही. सगळीकडेच ऊन, सगळ्यांच्याच पाट्या तळपतात आणि भाव शून्यावर येतो. ती फुकटातली वीज पाण्यात सोडली की पाण्याचे दोन भाग होतात, ऑक्सिजन आणि हायड्रोजन. हायड्रोजन पेवात कोंबून ठेवायचा आणि आषाढ-श्रावणात आभाळ झाकोळलं की नळांतून गावोगाव सोडायचा. गावातल्या संयंत्रात तो पुन्हा हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो, वीज तयार होते आणि खाली उरतं चुळकाभर पाणी. वैशाखात ज्याला कोणी हिंग लावून विचारत नाही, त्याचा श्रावणात चौपट भाव होतो. त्या भावात हायड्रोजनची किंमत थोडी असते आणि सांभाळण्याचीच फार. ऊन फुकट मिळतं, ठेवायची जागा मात्र मिळत नाही. म्हणून तर अशा सहकारी संघांचं मध्यंतरी पेव फुटलं होतं, आणि ज्यांच्याकडे खरंखुरं पेव होतं तेवढेच टिकले.

वाटपाची रीत मात्र जुनीच उचलली होती. पांझरेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटायची फडाची पद्धत चालली. मालकाने आपल्या शेताला आपल्या हाताने पाणी लावायचं नाही, पाटकऱ्याने लावायचं. संघातही तसंच. कुठल्याही गावाने आपली झडप आपण उघडायची नाही. हर्षालीचा अधिकृत हुद्दा 'वितरण अभियंता' होता, पण तालुकाभर तिला पाटकरीणबाईच म्हणत. तिला ते आवडायचं.

आता त्या पेवात उरलं होतं ते फक्त बियाणं.

हा शब्द तिचाच. संघ उभा राहिला तेव्हा तिला गावोगाव समजावत फिरावं लागलं होतं, की पेवातला सगळा गॅस काढता येत नाही. तळाचा काही भाग कायमचा आत ठेवावाच लागतो. दगडातल्या भेगांतून पाणी पाझरतं आणि पत्र्याला बाहेरून रेटतं. आतून गॅसचा रेटा आहे तोवर पत्रा तग धरतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा उतरला, तर पत्रा आत फुगतो, चिरतो आणि पेव संपतं. त्यात गंमत अशी, की पाणी सर्वांत जास्त पावसाळ्यात आणि गॅस सर्वांत कमी तोही पावसाळ्यातच. हा तळाचा गॅस प्रत्येक गावाने हिस्सा भरून विकत घ्यायचा होता, आणि घेऊन कधीच वापरायचा नव्हता. लोकांना हे काही केल्या पटेना. पैसे मोजायचे आणि वस्तू वापरायची नाही?

तेव्हा तिच्या माहेरी, आंबेदरच्या मारुतीच्या पारावर, ती वैतागून म्हणाली होती, "अहो, हे बियाणं समजा. बियाणं कोणी खातं का?"

सगळ्यांच्या माना डोलल्या. गावोगाव तो शब्द पसरला आणि हिस्से पटापट भरले गेले. संघाचे अध्यक्ष मोतीलालनाना तर जाहीर सभेत म्हणाले, की पोरीने एका शब्दात संघ उभा केला. त्या दिवशी ती हवेत होती.

*

यंदा ज्येष्ठात किनाऱ्याकडच्या एका खत कारखान्याने भाव चांगला दिला आणि संघाने पेवातला बराच गॅस त्याला विकला. नानांनी ठराव मांडला, सगळ्या गावांनी टाळ्या वाजवल्या, लाभांश वाटला गेला. पाऊस नेहमीसारखा उघडझाप करील असं सगळे धरून चालले होते. पावसाने यंदा उघडीप दिलीच नाही.

श्रावणातल्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसली. खानदेशात या दिवशी भाऊबंद कुठूनकुठून गावी येतात. सुरतेचे, नाशिकचे, पुण्याचे. हर्षालीही आंबेदरला गेली. दारातच तिला वास आला. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांच्या खमंग वासाखाली दबलेला, जरा कुबट, गोडसर वास. तो कांद्याच्या कोठाराकडून येतोय हे तिला कळलं.

"उनी का व माय? बठ आठे," आई पाट सरकवत म्हणाली. घरात सगळे अहिराणीच बोलत. आईने तिच्यापुढे वेगळं ताट ठेवलं. रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, आणि लग्न करून दिलेल्या लेकीला भाऊबंदांत धरायची रीत भामऱ्यांच्या घरात नव्हती. एरवी भूषण यावरून तिची हमखास थट्टा करायचा. आज नाही. तिचं जेवण होईपर्यंत तो उभाच होता.

मग तो तिला कांद्याच्या कोठारात घेऊन गेला. ही त्याची करणी. आंबेदर म्हणजे नळाचं शेवटचं टोक. तिथल्या लोकांना त्याने घरोघर जाऊन पटवलं होतं, की कांदा उन्हाळ्यात मातीमोल विकण्याऐवजी थंड, कोरड्या हवेत ठेवू आणि दिवाळीच्या तोंडावर काढू. साऱ्या गावाचा वर्षाचा कांदा त्या एका छपराखाली होता. गावाने जुन्या कंपनीची विजेची मोठी लाईन सोडली होती, कारण संघाची वीज स्वस्त पडे. आता गावच्या टाकीत उरलेला गॅस दिव्यांपुरता होता. पंखे बंद होते. वरच्या थरातल्या कांद्यांना घाम सुटला होता, मानेशी काळी बुरशी धरू लागली होती.

"ताई, दोनतीन दिननं दे," भूषण म्हणाला. "पंखा चालू ऱ्हायनात ना, तर माल वाची."

"पेवात बियाणंच उरलंय, भूषण."

"मंग? बियाणं आमनंच शे ना ते? हिस्सा भरेल शे आम्ही."

"ते वापरायचं नसतं. मी सांगितलं होतं ना?"

भूषणने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती शहरातून आलेली कोणी परकी बाई होती. "ताई, तू शेतकरीनी पोर शे. दुष्काळमा लोके बियाणं खातस. अन् पुढला सालले सवाई करी भरी देतस. आजाबी खाये. तुले माहीत नही?"

तिला माहीत होतं. आजोबांच्या तोंडून तिने कितीदा ऐकलं होतं, की एका वाईट साली बियाणं दळून खाल्लं आणि पुढच्या साली उसनं आणून सव्वापट फेडलं. बियाणं कोणी खात नाही, असं ती पारावर म्हणाली तेव्हा लोकांनी माना डोलावल्या, कारण प्रत्येकाच्या मनात पुढचं अर्धं वाक्य होतं: वेळ आली तर खातात. ते अर्धं वाक्य फक्त तिला ऐकू आलं नव्हतं.

तिने मनातल्या मनात हिशेब केला. एकट्या आंबेदरला दोनतीन दिवस पुरेल इतका गॅस म्हणजे पेवाच्या मानाने चिमूटभर. दाब थोडा उतरेल, तरी तबकडीवरच्या खालच्या मर्यादेच्या रेघेखाली जाणार नाही. शास्त्र तिच्या बाजूने होतं. भावाचा चेहराही तिच्या समोर होता. त्या दोहोंतलं नेमकं काय जिंकलं, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं आणि हर्षालीने आंबेदरची झडप उघडली.

*

बातमीला नळ लागत नाहीत. दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांचा फोन आला. आप्पा कधी फोन करत नसत.

"आमचं काही म्हणणं नाही व माय," आप्पा म्हणाले. "खैरवाड्याचे लोक विचारतात, एवढंच. माहेरचं बियाणं निघालं, तर सासरचं काय पुरून ठेवलंय का, म्हणून."

तिने खैरवाड्याची झडप उघडली. माहेराला दिल्यावर सासरला नाही म्हणणारी सून अजून जन्मायची होती. मग कान नदीकाठची दोन गावं आली. त्यांच्याशी तिचं काडीचं नातं नव्हतं, म्हणून तर त्यांना नाही म्हणणं जास्तच अवघड होतं. त्यांना नाही म्हटलं असतं, तर पाटकरीण नात्यागोत्यावर पाणी वाटते हे शिक्कामोर्तब झालं असतं. तिने त्यांनाही दिलं, निम्मं. त्यावरून आणखी बोलणी खाल्ली.

आता तबकडीचा काटा हलत होता. तिला जसा हवा होता तसा नव्हे.

ती भुयारात उतरली. अस्तराबाहेर पाझरणारं पाणी एका चरातून गोळा होऊन पंपाने वर फेकलं जाई. चर काठोकाठ भरून वाहत होता आणि पंप अखंड चालू होते. ती दगडाला हात लावून उभी राहिली. तेवढ्यात आतून आवाज आला, ठण्ण! तेलाचा रिकामा डबा बोटाने दाबला की वाजतो तसा. पत्रा कुठेतरी दबून पुन्हा जागेवर आला होता. अजून थोडा दाब उतरला, तर तो जागेवर येणार नाही. मग पुढच्या वैशाखात आभाळभर फुकट ऊन असेल, आणि ते ठेवायला सगळ्या तालुक्यात एक लोटाही नसेल.

वर आली तर फाटकापाशी माणसंच माणसं. उरलेल्या गावांचे ट्रॅक्टर, छत्र्या, डोक्यावर पोत्यांच्या खोळी. बँक बुडणार अशी आवई उठल्यावर जमते तशी गर्दी. आणि अशा गर्दीनेच बँक बुडते हे गर्दीतल्या कोणाला सांगायची सोय नसते.

"तुना भाऊले दिधं, आमले का बरं नही?" पुढचा एक म्हातारा ओरडला.

मोतीलालनाना आत येऊन खुर्चीवर बसले होते. धोतराचा सोगा पिळत म्हणाले, "हर्षाली, देऊन टाक थोडं थोडं. दोन दिवसांत ऊन पडेल म्हणतात."

"आणि नाही पडलं तर? नाना, पत्रा बोलायला लागलाय. मी ऐकून आलेय."

"मग बाहेर जाऊन तू सांग ते. माझं कोणी ऐकायचं नाही, मी ज्येष्ठात विकून बसलोय." नाना खोटं बोलत नव्हते. "आणि तुझंही कोणी ऐकायचं नाही. कारण तू जाणतेसच."

ती जाणत होती. नाही म्हणायचा अधिकार तिने सोमवारी आंबेदरच्या नळात सोडून दिला होता. शास्त्र अजूनही तिच्याच बाजूने होतं. त्याचा आता कवडीचा उपयोग नव्हता.

तिने फोन उचलला.

"भूषण, तुझ्या गावच्या टाकीत किती उरलाय?"

"अर्धापेक्षा जास्ती. पंखा चालू शेत, ताई. कांदा कोरडा व्हई ऱ्हायना." त्याच्या आवाजात कितीतरी दिवसांनी हसू होतं.

"तो परत पाठव."

पलीकडे पंख्यांची घरघर चालू होती. मग तो म्हणाला, "काय?"

"ट्रॅक्टरमध्ये गॅस भरायचा कॉम्प्रेसर आहे ना टाकीवर, त्याने उलटा नळात ढकल. मी तुला द्यायला नको होता. तो गॅस पेवाला पुरणार नाही, चिमूटभर आहे, पण तुझा परत आल्याशिवाय मला इथे कोणाला नाही म्हणता येत नाही. पेव जाईल, भूषण. तुझं, माझं, सगळ्यांचंच."

"अन् कांदा?"

"कांदा जाईल," ती म्हणाली.

त्याने फोन ठेवला. तिने पुन्हा लावला; उचलला नाही. कानबाईच्या दिवशी जेवण होईपर्यंत उभा राहिलेला तो तिला आठवला. मग ती पायऱ्या उतरून फाटकापाशी गेली. काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं. ती बोललीही, दाब, पाणी, पत्रा. लोक ऐकत होते ते केवळ तिचं बोलणं संपायची वाट पाहत. म्हातारा पुन्हा पुन्हा एकच विचारत होता: बियाणं आमचं की तुझ्या बापाचं?

तेव्हा नानांनी वरच्या खिडकीतून हाक मारली. "हर्षाली! आंबेदरचा मीटर उलटा फिरतोय."

गर्दीतल्या काहींनी फाटकाला लावलेल्या मोठ्या फलकाकडे पाहिलं. तिथे प्रत्येक गावाचा आकडा सगळ्यांना दिसेल असा लावायचा, हा फडाच्या रीतीतलाच नियम होता. आंबेदरच्या आकड्यापुढे उणे चिन्ह लागलं होतं. हळूहळू आकडा वाढत होता. कुजबुज झाली आणि थांबली.

भूषण मोटारसायकलवरून आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चिखल होता. तो बहिणीकडे न बघता सरळ म्हाताऱ्यापुढे उभा राहिला.

"आंबेदरनं आम्ही माघारी दिधं, बाबा. पंखा बंद करी उनू मी."

"कसाले?"

"आमनी पाटकरीन चुकनी म्हनीसन." मग तो हर्षालीकडे वळला. सगळ्यांना ऐकू जाईल असं, रागानेच बोलला. "तुनं तठेच चुकनं, ताई. बियाणं म्हनाले नको व्हतं. बियाणं खातस लोके. पन माय कोठीमा कानबाईना गहू ठेवस, त्याले कोन्ही हात लावस का? घरमा दाना नही ऱ्हायना, तरी?"

म्हाताऱ्याने डोक्यावरची खोळ काढली, झटकली आणि पुन्हा घातली. कानबाईचे गहू प्रत्येकाच्या घरी कुंकवाचं बोट लावून वेगळे काढलेले असतात. त्यांचा हिशेब कोणी विचारत नाही आणि ते कोणी उसनेही मागत नाही.

"मंग असं सांगानं ना पहिलेच," म्हातारा पुटपुटला आणि ट्रॅक्टरकडे वळला.

पहिला ट्रॅक्टर फिरला तसे मागचे फिरले. खैरवाड्यानेही संध्याकाळपर्यंत उरलेला गॅस परत ढकलला. आप्पांनी फोन केला नाही, मीटरवरूनच कळलं.

*

ऊन पडलं ते आणखी काही दिवसांनी, तेही फिकं. काटा मर्यादेला चिकटून राहिला होता. पत्रा पुन्हा वाजला नाही.

हर्षाली आंबेदरला गेली. गावाच्या शिवेवरच नाकाला पदर लावावा लागला. कोठाराच्या दारात कांद्याचा लगदा फावड्यांनी ओढून काढत होते. बायका त्यातून धड कांदे निवडत होत्या. पाटीभर सडक्यांमागे ओंजळभर धड निघत होते. भूषण फावडं मारत होता. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याने मान वर केली नाही.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

"पाऊसमुये झायं," तो म्हणाला. मग फावडं मारता मारता म्हणाला, "आम्ही थोडं वापरं ते बाकी शे. सवाई करी वैशाखमा देसू."

ती म्हणणार होती की सवाई कसली, वेड्या. पण तिने पाटी उचलली आणि निवडणाऱ्या बायकांच्या रांगेत जाऊन बसली. सगळ्यांनी सरकून तिला जागा दिली.

वैशाख आला तसं ऊन असं तापलं, की विजेचा भाव शून्याखाली गेला. पेव भरू लागलं. पहिल्या दिवशी भूषण आपल्या गावाची सवाई लिहून द्यायला आला, पाटकरीणबाईंच्या खोलीत चहा प्यायला, तबकडीपुढे थोडा रेंगाळला आणि गेला. तो आज थट्टेच्या रंगात होता. जाताना म्हणाला, यंदा आई एक रोट चोरून ठेवणार आहे म्हणते, कोणाला सांगू नको.

तो गेल्यावर तिचं तबकडीकडे लक्ष गेलं. काचेवर, बरोबर त्या खालच्या मर्यादेच्या रेघेवर, कुंकवाचं बोट उठलं होतं. उपकरणांवर काही लावायचं नाही, असा तिनेच नियम केला होता. तशी पाटीही भिंतीवर होती. तिने कापूस आणि स्पिरिट घेतलं, काचेपाशी गेली आणि हात उचलला.

मग तिने कापूस तसाच टेबलावर ठेवला. काट्याला टिचकी न मारताच ती खुर्चीवर येऊन बसली.